चपला सांभाळणारा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चारुलता माहेरी यायची, आणि ती यायच्या आठ दिवस आधीपासून नवनीतचं डोकं फिरायला सुरुवात व्हायची. बहीण येणार म्हटल्यावर भावाला आनंद व्हावा, ही जगाची रीत. साऱ्या खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात, दारच्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, मांडे आणि आमरस खातात. नवनीतलाही आनंद व्हायचा, नाही असं नाही. तो साधारण अर्धा तास टिकायचा. चारूची गाडी अंगणात थांबली, अप्पा खाटेवरून उठले आणि काठी न घेता चार पावलं चालले, की आनंद संपला.

कारण हेच अप्पा एरवी न्हाणीघरापर्यंत जायलासुद्धा नवनीतचा खांदा धरत. अप्पांचं, म्हणजे लोटन पाटलांचं, वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेले, रक्तदाब, डोळ्यांत रोज दोनदा थेंब. सकाळी थेंब घालून नवनीत मोटारसायकलवर अक्कलकुव्याच्या तहसील कार्यालयात जाई, संध्याकाळी परत आला की पुन्हा थेंब घाली. गोळ्या त्याच्या हातच्या, दाढी त्याच्या हातची, पायाला तेलसुद्धा त्याच्या हातचं. अप्पा कधी 'बरं केलं' म्हणाले नाहीत. आणि ही बाई वर्षातून एकदा सुरतेहून यायची, पेढ्यांचा डबा पुढे करायची, की अप्पा शेजारच्या भिकुबाईला हाक मारून सांगत की बघ, मन्ही वाघीण आली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते नवनीतला रोज पटत होतं, आखाजीला जरा जास्तच.

त्याची बायको शीला हे सगळं ओळखून होती. यंदाही चारूच्या हातून अप्पांनी दीड मांडा जास्त खाल्ला आणि नवनीत ताटावरून लवकर उठला, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "पोट दुखी ऱ्हायनं का तुमनं? ओवा देऊ?" चारू हसली. अप्पाही हसले. नवनीत हात धुवायला गेला आणि उगाच बराच वेळ धूत बसला.

मत्सर म्हणायचा तर तो आजचा नव्हता. त्याला पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्याची सुरुवात सुरतेजवळच्या एका मोठ्या बागेत झाली होती.

तेव्हा अप्पा मिरची पिकवत. थंडीभर नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीच्या गाड्या जात, घरात पांघरुणालासुद्धा मिरचीचा वास येई आणि पाहुणा उंबऱ्यातच शिंकायला लागे. हंगाम संपला की उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा दोन्ही मुलांना घेऊन पहाटेच्या पॅसेंजरने सुरतेला जात. आई, म्हणजे नर्मदाबाई, कधी सोबत आली नाही. गोठा कोण बघणार? ती भाकरी, ठेचा, दोन कैऱ्या आणि कैरीला लावायला तिखटमिठाची पुडी बांधून देई.

त्या बागेत पाळणे होते, गोल फिरणारे घोडे होते, पाण्यात आपटणाऱ्या होड्या होत्या. आणि सगळ्यांच्या मागे, झाडांच्याही वर, लोखंडी रुळांवरचा रोलर कोस्टर होता. पिवळे डबे, पुढच्या डब्यावर वाघाचं तोंड रंगवलेलं. आज पाहिला तर कदाचित हसू येईल, पण सात वर्षांच्या नवनीतला तो डोंगराएवढा वाटला. पहिल्या वर्षी तो अप्पांच्या मांडीला चिकटून आत बसला. मांडीवरचा लोखंडी दांडा खट्कन खाली आला, डबा कट् कट् करत चढायच्या तयारीत हलला, आणि नवनीतने असा टाहो फोडला की शिट्टीवाल्या माणसाने गाडी थांबवली. सगळ्या लोकांसमोर त्याला उतरवून घेतलं. त्याची चड्डी ओली झाली होती. त्याच्या जागेवर अप्पांनी पाच वर्षांच्या चारूला घेतलं, आणि ती पोर वरून खाली येईपर्यंत हसत होती.

मग ठरूनच गेलं. चढणाऱ्यांनी चपला काढून ठेवायच्या असत, नाहीतर वरून उडतात. दरवर्षी अप्पा आणि चारू वाघाच्या डब्यात बसत आणि नवनीत खाली कडुलिंबाच्या झाडाशी दोघांच्या चपला धरून उभा राही. अप्पांचे जाडजूड चामड्याचे जोडे आणि चारूच्या लाल रबरी चपला. ते वर जात, लहान होत, ओरडत खाली येत आणि पुन्हा चढत. अप्पांचा हात चारूच्या खांद्यावर असे. नवनीतला रुळांची भीती वाटायची हे खरं, पण त्या हाताकडे बघून जे वाटायचं ते भीतीपेक्षा वाईट होतं. परतीच्या गाडीत दोघं वरच्या गोष्टी सांगत. त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? चपला हरवल्या नाहीत, एवढंच.

पाचव्या वर्षी तो अकराचा झाला आणि चारू नवाची. त्या वर्षी गाडीत अप्पांना ओळखीचे मिरचीचे व्यापारी रामसिंगभाई भेटले. त्यांनी मुलांची चौकशी केली. अप्पा मजेत होते, भाव बरा मिळाला होता. ते म्हणाले की आमच्याकडे देवाची थोडी अदलाबदल झाली, पोरगी पोरासारखी निघाली आणि पोरगा पोरीसारखा. रामसिंगभाई खो खो हसले. नवनीत खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण कान इकडेच होते. असं वाक्य बोलणारा दोन स्टेशनांत विसरतो. ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

सुरतेच्या फलाटावर अप्पांनी चारूसाठी एक रुमाल घेतला. निळा, पांढऱ्या फुलांचा, वाऱ्यात केस उडू नयेत म्हणून डोक्याला बांधायला. नवनीतला काही घेतलं नाही. त्याला रुमाल कशाला? त्याला कुठे वर जायचं होतं?

बागेत अप्पा तिकिटांच्या रांगेत होते आणि चारू पाण्याच्या नळावर. रुमाल आणि जेवणाची पिशवी नवनीतकडे होती. त्याने आईची पुडी सोडली. सगळं तिखटमीठ रुमालाच्या घडीत ओतलं, बोटांनी चोळून बसवलं, उरलेलं झटकलं आणि घडी पहिल्यासारखी केली. मिरचीवाल्याचं पोर ते, तिखट कुठे किती लागतं हे त्याला पाढ्यांआधी आलं होतं. चारूने एकदा, फक्त एकदा, वर रडावं आणि अप्पांनी ते बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

चारू बसताना त्याने स्वतःच्या हाताने तिला रुमाल दिला. गाडी कट् कट् करत चढायला लागली. चारूने रुमाल डोक्याला बांधलाच नाही. ऊन भयंकर होतं, अप्पांच्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि लाडाची लेक बापाला म्हणाली असणार की घ्या, पुसा. अप्पांनी त्या निळ्या रुमालाने अख्खं तोंड पुसलेलं नवनीतने खालून बघितलं. दोन्ही डोळे, नीट, दाबून. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण गाडी शेंड्यावरून खाली सुटली होती.

गाडी थांबली तेव्हा अप्पांना दोन माणसांनी धरून उतरवलं. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा, नाक वाहतंय. चारू बाजूला खोकत, घाबरून उभी. रांगेतले लोक हसायला लागले. एवढा मिशीवाला बाप्या पाळण्यात बसून रडतो, हे काय रोज बघायला मिळतं? कोणीतरी विचारलं, काका, भीती वाटली का? नवनीत चपला छातीशी धरून उभा होता आणि आता अप्पा सांगतील म्हणून वाट बघत होता. अप्पांनी कसाबसा एक डोळा उघडला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, माले भेव लागना."

मग ते नळावर गेले आणि बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारत राहिले. चारूने रुमाल मागितला तर म्हणाले की वाऱ्यावर उडून गेला.

गोष्ट त्यांच्या आधी गावात पोचली म्हणायला हरकत नाही, कारण चारूने घरात पाय टाकताच ती आईला सांगितली आणि शेजारच्या भिकुबाईचे कान भिंतीलाच होते. लोटन पाटील पाळण्यात रडले. तीस वर्षं गावाने ही गोष्ट चवीने खाल्ली. आखाजीला झोके चढले की कोणीतरी ती काढणारच. अप्पा ऐकून घेत, मिशीतल्या मिशीत हसत आणि विषय बदलत. नवनीत मात्र तिथून उठून जाई. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटे की अप्पांना कळलं असणार. मग वाटे, कळलं असतं तर त्याच दिवशी पाठ सोलून निघाली असती. विचारायचा धीर झाला नाही. लहानपणी झाला नाही, आणि मोठेपणी अशा गोष्टी विचारायला माणूस वेळ शोधत बसतो आणि ती सापडत नाही.

त्यानंतर तीन वर्षं ते सुरतेला गेले. अप्पा पुन्हा कधी चढले नाहीत. चारू एकटी वाघाच्या डब्यात बसे आणि चपला धरायला खाली आता दोघं असत. अप्पा लिंबाच्या सावलीत बसून कैरी कापत, फोडी नवनीतच्या हातावर ठेवत. त्या वर्षापासून आईच्या पुडीत नुसतं मीठ असे. नवनीतने त्याचा कधी विचार केला नाही. त्याचं लक्ष वर असे, पिवळ्या डब्यात हात उंच करून बसलेल्या बहिणीकडे, आणि तिचा हेवा करण्यात त्याने त्या तीनही दुपारी घालवल्या.

यंदाच्या आखाजीला दारच्या लिंबाला झोका टांगला होता. जाड दोर, दोघं बसतील एवढी फळी. जेवणं झाल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या, चारूच्या दोन्ही मुली आळीपाळीने बसल्या, आणि मुलींनी आजोबांच्या रडण्याची गोष्ट मागितली. चारूने ती सांगितली. फार छान सांगितली. अप्पांचे मिटलेले डोळे, नाकाचं पाणी, आणि आपण नऊ वर्षांच्या असून कशा हसत उतरलो, सगळं हातवारे करून. अप्पा खाटेवर बसून हसत होते. मग चारू त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली की चला अप्पा, आज माझ्यासोबत झोक्यावर बसा, गावाचं तोंड बंद करून टाकू. अप्पा खरंच उठले. काठी न घेता.

पायरीवर बसलेल्या भिकुबाईने संधी सोडली नाही. "बठा लोटनभाऊ, पन रुमाल संगे ठेवा."

सगळं अंगण हसलं. चारू सगळ्यात मोठ्याने हसली, आणि नवनीतच्या आत काहीतरी तुटलं. ही गोष्ट म्हणजे हिच्या शौर्याचं पदक होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने तिला घडवून दिलं होतं. पश्चात्ताप तर होताच, तीस वर्षं मुरलेला. पण खोटं कशाला बोला, त्या क्षणी पश्चात्तापापेक्षा ते पदक हिसकावून घ्यायची इच्छा मोठी होती.

"अप्पा रडेल नव्हतात," तो म्हणाला. "चारूना रुमालमा मी तिखट टाकेल व्हतं."

हसणं एकदम थांबलं नाही, टप्प्याटप्प्याने थांबलं. नवनीतने उभ्याउभ्या सगळं सांगितलं: रामसिंगभाई, फलाटावरचा रुमाल, आईची पुडी. सांगताना तो चारूकडे बघत होता, अप्पांकडे बघायची हिंमत नव्हती. झाल्यावर त्याने मान खाली घातली आणि अकरा वर्षांच्या पोरासारखा मार खायची वाट बघितली.

अप्पांनी झोक्याचा दोर धरला होता. ते शांतपणे म्हणाले, "माले तव्हयच कयनं व्हतं. जलम मिरचीमा गया मन्हा, माले मिरची कयत नही का? तुन्हा हात लाल व्हता."

नवनीतने विचारलं की तेव्हाच कळलं होतं, तर मग सांगितलं का नाही. अप्पांनी जरा आठवल्यासारखं केलं. ते म्हणाले की गाडीत रामसिंगला आपण काय बोललो ते नळावर तोंड धुताना आठवलं. रुमाल खिशात घातला, घरी येऊन चुलीत टाकला. नर्मदाला सांगितलं की पुडीत यापुढे नुसतं मीठ. आणि मग म्हणाले, "तू खाले एकलाच भित व्हता. मी म्हनं, आपन दोन व्हई जाऊत."

नवनीतला काय वाटलं ते त्याने पुढे शीलालासुद्धा कधी सांगितलं नाही. डोळे भरून आले, ते तर झालंच. पण त्याच्या तळाशी एक जुना, हलकट आनंद उसळला. अप्पांनी मला निवडलं होतं! तीन वर्षं ते झाडाखाली बसले ते माझ्यासाठी. वाघिणीला वर सोडून माझ्यासाठी. आणि हा आनंद चारूच्या तोंडावर कसा लागतोय ते बघायला त्याने मान वर केली.

चारू हसत नव्हती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता, आणि चाळीस वर्षांची बाई मुलींसमोर, गल्लीसमोर, नऊ वर्षांची दिसायला लागली होती.

"मंग वर मी एकली ऱ्हायनी, त्यानं काय?" तिने विचारलं.

चारू हळूहळू बोलत राहिली. आपणच हट्ट करून अप्पांना वर नेलं, म्हणून ते सगळ्या लोकांत रडले, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. आपण त्यांची लाज काढली, म्हणून ते आता आपल्यासोबत बसत नाहीत. पुढची तीन वर्षं ती एकटी बसली तेव्हा भीतीने तिचा जीव जात होता. अप्पांचा हात खांद्यावर होता तोवरच ती वाघीण होती. पण चढलं नाही तर आपल्याकडे बघणार कोण? म्हणून चढायची. शेंड्यावर गाडी क्षणभर थांबायची, तेव्हा ती डोळे उघडून खाली बघायची. झाडाखाली दोघं बसलेले असायचे, एकाच कागदावरून कैरी खात. तिच्या दोन चपला त्यांच्या मध्ये. ती हात वर करायची ते मजेने नव्हे. त्यांनी वर बघावं म्हणून.

आणि ती गोष्ट दरवर्षी एवढ्या मोठ्याने का सांगायची, तेही तिने सांगितलं. अप्पा तिच्यासोबत बसले होते, एवढा पुरावा त्या गोष्टीतच उरला होता.

अप्पांनी चारूकडे बघितलं, मग नवनीतकडे, आणि चपला काढून ते फळीवर टेकले. दोन पोरांपैकी एकाला सोबत देताना दुसऱ्याची सोबत काढून घेतली, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नवनीत पुढे झाला आणि म्हणाला की बस चारू, अप्पांसोबत तू बस.

चारूने मान हलवली. खाली वाकून तिने अप्पांच्या चपला उचलल्या. मग नवनीतसमोर येऊन उभी राहिली. "आते तू बठ. चपला मी धरस."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. नवनीतने चपला काढल्या, त्या तिच्या हातात दिल्या आणि फळीवर अप्पांच्या शेजारी बसला. बेचाळीस वर्षांत तो कधी आखाजीच्या झोक्यावरसुद्धा बसला नव्हता. शीलाने मागून ढकललं, आणि नवऱ्याची ही संधी पुन्हा येणार नाही हे ओळखून चांगलं जोरात ढकललं. पाय जमिनीवरून सुटले तसा त्याने दोन्ही हातांनी दोर आवळला. त्याने डोळे मिटले. मग खांद्यावर हात आला. हाडं लागणारा, हलका, मिरचीचा वास कधीच गेलेला हात. नवनीतने डोळे उघडले. एवढंच तर हवं होतं त्याला, सात वर्षांचा असल्यापासून. तीन झोके, चार झोके झाले. भीती होती, पण ती हाताखाली दबून बसली होती.

पाचव्या झोक्याला अप्पांनी शीलाला थांबायला सांगितलं. झोका संथ झाला, त्यांनी पाय टेकवले आणि म्हणाले, "बस, मन्हं व्हई गयं." नवनीतही उतरायला लागला, तर त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं. तू खा झोके, म्हणाले. मग काठी न घेता, अनवाणी, एकेक पाऊल मोजत ते चारूपर्यंत गेले. तिच्या हातातला एक जोड त्यांनी आपल्या हातात घेतला, स्वतःचा नव्हे, नवनीतचा, आणि तिच्या शेजारी झाडाला टेकून उभे राहिले.

शीलाने पुन्हा ढकललं. झोका उंच गेला. वरून नवनीतला दोघं दिसली, सावलीत, खांद्याला खांदा लावून, हातात चपला घेऊन. अप्पा वाकून चारूला काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती. काय सांगत होते ते वरपर्यंत ऐकू येत नव्हतं. शेजारची जागा रिकामी होती.

नवनीतने एका हाताने दोर घट्ट धरला आणि दुसरा हात वर केला.